डोंगरी ते डंगरी

इसवी सन १६१३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान जॉन सॅरिस जपानच्या वाटेवर मोलुक्का बेटांत थांबला होता. त्याच्या जहाजाचे नाव ‘क्लोव्ह’, म्हणजे लवंग, आणि तो तिथे थांबला तोही लवंगांसाठीच. बेटांवरच्या लोकांना लवंगांच्या बदल्यात हवे होते हिंदुस्थानचे सुती कापड, खंबायतचे आणि कोरोमंडलचे. सॅरिस व्यापारी माणूस होता. कोणत्या कापडाला किती लवंगा मिळतात याची त्याने यादीच करून ठेवली. तिथल्या कॅटी या वजनात भडोचच्या एका कापडाला सहा कॅटी लवंगा, आणि ‘डोंगरीन’ नावाच्या कापडाच्या उत्तम प्रतीला बारा. सॅम्युअल पर्चस याने १६२५ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनांच्या मोठ्या संग्रहात ही यादी आहे.

इंग्रजी लिखाणात डोंगरी कापडाचे नाव सापडते ते इथे, आणि सापडते ते दुप्पट भावाच्या मालाचे नाव म्हणून. आज इंग्रजीत ‘डंगरीज’ म्हटले की मेकॅनिकचा, खलाशाचा, रंगाऱ्याचा जाडाभरडा पोशाख डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात ‘डंगरी’ मागितली की खांद्यावरून पट्टे घेतलेली विजार काढून देतात. लवंगांच्या बाजारातले बारा कॅटीचे कापड आणि गॅरेजमधली तेलकट विजार यांच्यामध्ये चारशे वर्षे गेली. त्या चारशे वर्षांत इंग्रजीत असे बरेच शब्द आले, फिरले आणि उतरले: कॅलिको, चिंट्झ, डंगरी, ॲनिलिन. काही शब्द मुळात इंग्रजांचेच होते, पण त्यांचेही अर्थ याच कापडाने बदलले. कापड कोणी विणायचे आणि कोणी विकायचे हे जसजसे बदलत गेले, तसतशी या शब्दांची पत बदलली. हा योगायोग नाही असे माझे ठाम मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख.

आधी डोंगरीचा ठावठिकाणा पाहू. मराठी वाचकाला डोंगरी ठाऊक आहे ती बहुधा आगरकरांमुळे. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर ज्या तुरुंगात १०१ दिवस होते, तो डोंगरीचा तुरुंग. त्याच्याही आधी तिथे टेकडी होती आणि टेकडीवर किल्ला होता. १७६९ च्या सुमारास इंग्रजांनी ती टेकडी सुरुंग लावून उडवली, कारण तिच्यावर तोफा चढवल्या तर खालचा कोट माऱ्यात येत होता. त्या जागी फोर्ट जॉर्ज उभा राहिला. टेकडी गेली, पण वस्तीचे नाव राहिले. तिथे देशी सुती कापडाचा बाजार होता.

हे आपल्याला कळते ते एका मराठी कोशामुळे. जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याने जॉर्ज आणि टॉमस कँडी या जुळ्या भावांच्या व अनेक शास्त्र्यांच्या मदतीने तयार केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. मोल्सवर्थ ‘डोंगरी कापड’ अशी नोंद देतो आणि सांगतो की डोंगरीच्या किल्ल्यालगतच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या साध्या देशी कापडाला हे नाव होते, पुढे ते कोणत्याही हलक्या, स्वस्त सुती कापडाला लागले, आणि इंग्रजांची ‘डंगरी’ त्यावरूनच आली. चार ओळींची नोंद, पण तिच्यात शब्दाचे गाव आहे, त्याचा व्यापार आहे आणि त्याची घसरणही आहे.

पुढची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. १८८६ मध्ये हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा प्रसिद्ध कोश निघाला. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा तो आजही सगळ्यांत गाजलेला संग्रह. बर्नेल १८८२ मध्येच वारला होता, त्यामुळे शेवटचा भार यूलवर पडला. सॅरिसची ती लवंगांची यादी त्यांनी शोधून काढली होती. पण ‘डंगरी’पाशी आल्यावर त्यांनी लिहिले की हा शब्द आपल्या माहितीच्या एकाही कोशात नाही. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती निघून तेव्हा जवळजवळ तीस वर्षे झाली होती. १९०३ मध्ये विल्यम क्रुक याने नवी आवृत्ती सिद्ध करताना मोल्सवर्थची नोंद कंसात घातली आणि ती उणीव भरून काढली. इतक्या विद्वान माणसांना पोर्तुगीज, डच, अरबी ग्रंथ चाळावेसे वाटले आणि शब्दाचे उत्तर मात्र मराठी कोशात होते. इंग्रजी शब्दांचा इतिहास लिहिताना मराठीकडे बघावेच लागते, हे या एका नोंदीने सिद्ध केले आहे.

अर्थात शब्दांच्या बाबतीत सुतावरून स्वर्ग गाठण्याचा मोह फार होतो, म्हणून थोडे सावधपणे बोलतो. सॅरिसने यादी केली तेव्हा मुंबई पोर्तुगीजांची होती. इंग्रजांच्या राजाला ती आंदण मिळाली १६६१ मध्ये आणि कंपनीच्या हाती आली १६६८ मध्ये. तेव्हा मोल्सवर्थने सांगितलेला किल्ल्यालगतचा बाजार इंग्रजी अमलातला असला, तरी नाव त्याहून जुने धरले पाहिजे. टेकडी होती, टेकडीमुळे डोंगरी होती, आणि कापड तिच्या नावाने समुद्रापार जात होते. कापडाला गावाचे नाव पडणे ही तर सगळ्या जगाची रीत आहे. कालिकतवरून कॅलिको, मोसूल शहरावरून मस्लिन, फ्रान्समधल्या नीम गावच्या सर्ज कापडावरून डेनिम, इटलीतल्या जिनोव्हावरून जीन. जीन, डेनिम आणि डंगरी ही तिन्ही नावे पुढे अमेरिकेत एकाच निळ्या विजारीला लागली. जिनोव्हा, नीम आणि डोंगरी या तीन ठिकाणांची नावे एका कपड्यावर एकत्र आली, आणि त्यांतले एक आपल्या मुंबईचे आहे.

ज्या काळात हे कापड बाहेर जाऊ लागले, त्या काळातला एक इंग्रजी शब्द नीट समजून घेतला पाहिजे. तो शब्द ‘फॅक्टरी’. शिवचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला राजापूरची इंग्रजांची वखार माहीत आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवल्याबद्दल महाराजांनी १६६१ मध्ये जिला दणका दिला आणि हेन्री रेव्हिंग्टनला कैदेत टाकले, तीच वखार. इंग्रज कागदपत्रांत तिला ‘फॅक्टरी’ म्हणतात. त्या फॅक्टरीत एक हातही कापड विणले जात नव्हते. फॅक्टर म्हणजे कंपनीचा अडत्या, आणि अडते जिथे राहतात, माल घेतात, साठवतात ती फॅक्टरी. पोर्तुगीजांची ‘फेतोरिया’ तशीच. कारवारची वखार हुबळीकडून कापड घेई, सुरतेची गुजरातेतून घेई. विणकर आपल्या घरी, आपल्या मागावर विणत असे. मुंबईत तर कंपनीने चौलकडचे विणकर आणून वसवण्याचा प्रयत्न केला, इतकी तिला त्यांच्या हाताची गरज होती. मराठी इतिहासकारांनी या शब्दाला ‘वखार’ हा प्रतिशब्द योजला तो अगदी बरोबर आहे. पण पुढच्या शतकात इंग्लंडमध्ये सूतकताई यंत्रावर गेली, माणसे एका छपराखाली कामाला येऊ लागली, आणि त्या जागेला इंग्रजांनी तोच शब्द वापरला. माल घेण्याच्या जागेचे नाव माल बनवण्याच्या जागेला लागले. राजापूरच्या वखारीपासून मँचेस्टरच्या कारखान्यापर्यंतचा सगळा प्रवास या एका शब्दाच्या अर्थबदलात आला आहे.

मधल्या काळात लंडनमध्ये काय चालले होते? आपले ‘चीट’ तिकडे पोचले होते. छींट म्हणजे शिंतोडा, आणि शिंतोड्यांसारखी ठिपक्याफुलांची छपाई केलेले कापड म्हणजे छींट, मराठीत चीट. इंग्रजांनी त्याला ‘चिंट’ म्हटले, अनेकवचनी ‘चिंट्स’ केले, आणि ते अनेकवचन इतके रुळले की तेच एकवचन होऊन ‘चिंट्झ’ असे लिहिले जाऊ लागले. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेप्स याने ५ सप्टेंबर १६६३ रोजी बायकोच्या नव्या अभ्यासिकेला आतून लावण्यासाठी एक चीट विकत घेतल्याची नोंद केली आहे. शिवाजी महाराजांनी लाल महालात शाइस्तेखानाची बोटे छाटली त्याच वर्षातली ही गोष्ट. हिंदुस्थानी रंग पक्का असे, धुतला तरी जात नसे, आणि कापड हलके असे. लोकरीत आणि तागात वाढलेल्या माणसांना ते किती नवलाचे वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

या नवलाची तिथल्या विणकरांना भीती वाटली, आणि ती भीती खोटी नव्हती. डॅनियल डीफोने १७०८ मध्ये तक्रार केली की हे कापड घराघरांत, पडद्यांत, गाद्यांत, शेजघरांत शिरले आहे. १७०० च्या कायद्याने छापील सुती कापडाच्या वापरासाठी होणाऱ्या आयातीवर बंदी आली, तरी लोक ऐकेनात. १७१९ च्या जूनमध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातले विणकर रस्त्यावर उतरले आणि कॅलिको नेसलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडू लागले, त्यांच्यावर शाई आणि तेजाब फेकू लागले. १७२१ मध्ये संसदेने आणखी कडक कायदा केला आणि बहुतेक छापील सुती कापड वापरणे हाच गुन्हा ठरवला. तो कायदा १७७४ पर्यंत टिकला. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे इंग्लंडने आपल्या बाजाराची कवाडे बंद ठेवली आणि आतल्या आत आपले सुती कापड उभे केले. हे मी मुद्दाम तपशीलवार सांगतो आहे, कारण यंत्र आले म्हणून हिंदुस्थानी विणकर हरला एवढेच आपल्या पाठ्यपुस्तकांतून मनावर ठसते. यंत्राच्या आधी कायदा आला होता.

यंत्रे मग एकामागून एक आली. १७३३ मध्ये जॉन केचा धावता धोटा, १७६४ च्या सुमारास हारग्रीव्हजची जेनी, १७६९ मध्ये आर्कराइटची पाण्यावर चालणारी चाती, १७७९ मध्ये क्रॉम्प्टनचे म्यूल, १७८५ मध्ये कार्टराइटचा यंत्रमाग. म्यूलवर इतके बारीक सूत निघू लागले की इंग्लंडला स्वतःची मलमल विणता आली. याच काळात इंग्रजीतल्या घरगुती शब्दांचे अर्थही हलले. ‘स्पिन्स्टर’ म्हणजे मुळात सूत कातणारी बाई, एक व्यवसाय. सतराव्या शतकापर्यंत तो कायदेशीर कागदांत अविवाहित स्त्रीचा किताब झाला होता, कारण लग्न न झालेल्या मुलीचे पोट बहुधा चरख्यावर भरत असे. यंत्राने चरखा नेला आणि शब्दात फक्त ‘लग्न न झालेली’ एवढाच अर्थ उरला, तोही टोमण्यासारखा. आपल्याकडे दख्खनच्या खेड्यांत विधवा, म्हाताऱ्या, निराधार बायका चरख्यावरच चार पैसे मिळवीत. त्यांचाही आधार विलायती सुताने नेला, पण त्यांची आठवण ठेवणारा असा एखादा शब्दसुद्धा मराठीत राहिला नाही.

‘लूम’ या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘अवजार’. घराण्यातून चालत आलेल्या वस्तूला इंग्रजीत ‘एअरलूम’ म्हणतात, ते वारसाचे अवजार. एवढ्या अवजारांतून मागालाच तो शब्द चिकटून राहिला, यावरून त्या समाजात मागाचे काय स्थान होते ते दिसते. ‘बीम’ म्हणजे आधी झाड, मग झाडाचा ओंडका, मग ताणा गुंडाळायचा मागावरचा रूळ. ‘शटल’ म्हणजे मुळात फेकायचा भाला किंवा बाण. आपला धोटा ताण्याच्या फटीतून असाच सटकन जातो.

आता घसरण पाहू. १७७४ नंतर इंग्रजी गिरण्यांचे कापड निघू लागले आणि कॅलिको हा शब्द कालिकतपासून सुटला. इंग्लंडमध्ये कॅलिको म्हणजे साधे, न रंगवलेले, स्वस्त पांढरे कापड, आणि अमेरिकेत कॅलिको म्हणजे छापील स्वस्त कापड, असे एकाच शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ झाले. दोन्हीकडे ‘स्वस्त’ मात्र समान. चिंट्झचे तर आणखी वाईट झाले. गिरणीतून चिटाच्या भरमसाट नकला निघाल्या आणि १८५१ मध्ये कादंबरीकार जॉर्ज इलियटने एका पत्रात ‘चिंट्झी’ हा शब्द ‘हलक्या दिसणाऱ्या’ या अर्थाने वापरला. आज तो शब्द भडक आणि दरिद्री रुचीची खूण आहे. पेप्सने बायकोसाठी हौसेने आणलेले कापड दोनशे वर्षांत शिवी झाले. हलकेपणा मँचेस्टरच्या नकलांत होता, नाव मात्र आपल्या चिटाचे गेले. याचे मला फार वाईट वाटते.

डंगरी तोवर साधे कापड झालीच होती, म्हणून ती टिकली. निळीत रंगवलेली डंगरी जहाजांवरच्या खलाशांनी घातली. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून आलेल्या निळ्या डंगरीचे कपडे घालणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना ‘डंगरी सेटलर’ म्हणत. १९१५ मध्ये क्वीन्सलँडच्या वॉरविक गावाहून ब्रिस्बेनला पायी निघालेल्या सैन्यभरतीच्या मोर्चाला ‘डंगरीज’ हेच नाव पडले, कारण वाटेत सामील होणाऱ्यांना निळ्या डंगऱ्या दिल्या होत्या. मुंबईच्या पेठेचे नाव सिडनीच्या शेतात आणि ब्रिस्बेनच्या रस्त्यावर पोचले ते अशा कष्टकऱ्यांच्या अंगावरून.

या शब्दाची एक साक्ष आपल्या मुलुखाशी जोडलेली आहे. बार्टल फ्रिअर १८४६ मध्ये साताऱ्याला रेसिडेंट म्हणून आला. दोन वर्षांनी छत्रपती शहाजीराजे वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले, आणि फ्रिअर तिथलाच कमिशनर झाला. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर असताना, १८६५ च्या हिवाळ्यात, त्याची मुलगी मेरी त्याच्याबरोबर दक्षिण मराठा मुलुखाच्या दौऱ्यावर होती. तंबूत एकटी पडलेल्या मेरीला ॲना लिबराता डिसूझा ही आया गोष्टी सांगत असे. ॲनाचे घराणे मूळचे कालिकतचे, लिंगायत, गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झालेले. त्या गोष्टींचे पुस्तक ‘ओल्ड डेक्कन डेज’ १८६८ मध्ये निघाले. पुस्तकाच्या सुरुवातीला ॲनाची स्वतःची जीवनकहाणी आहे, आणि तिच्यात ती सांगते की आज जी डंगरी अर्धा रुपया वार पडते, ती पूर्वी रुपयाला वीस ते चाळीस वार मिळे.

या आकड्याचा हिशेबनिसासारखा अर्थ लावू नये. आजीच्या काळची स्वस्ताई प्रत्येक पिढीला थोडी वाढवूनच आठवते. पण साल पाहा. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये नुकतेच संपले होते. त्या चार वर्षांत लँकेशायरने हिंदुस्थानचा कापूस खेचून नेला, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि कापसाच्या मुलुखात गरिबाचे लुगडे महाग झाले. एका आयेने, ना कोशकार ना व्यापारी अशा बाईने, कपड्याच्या भावातून तो काळ मोजला. सॅरिसने डोंगरी लवंगांत मोजली होती, ॲनाने ती रुपयांत मोजली. क्रुक, यूल आणि बर्नेल यांच्या कोशात या दोघांची साक्ष एकाच नोंदीखाली छापलेली आहे.

डंगरी निळीत रंगे, तेव्हा निळीची कथाही इथेच सांगितली पाहिजे. आपला ‘नील’ अरबांनी घेतला, अरबीतून पोर्तुगीजांचा ‘अनिल’ झाला. १८४० च्या सुमारास कार्ल फ्रिट्शे या रसायनशास्त्रज्ञाने निळीपासून एक तेलकट द्रव वेगळा केला आणि या अनिलवरून त्याचे नाव ॲनिलिन ठेवले. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने ॲनिलिनपासून पहिला कृत्रिम रंग बनवला. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली, आणि हिंदुस्थानातल्या निळीच्या लागवडीचे दिवस भरले. निळीचेच नाव घेतलेल्या पदार्थापासून सुरू झालेल्या रसायनशास्त्राने खुद्द निळीला बाजारातून घालवले.

विलायती कापडाला विरोध करणाऱ्यांत आपल्याच भागातला एक माणूस आघाडीवर होता. १८२८ मध्ये साताऱ्यात जन्मलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये त्यांच्याच खटपटीने उभी राहिली. १८७२ पासून त्यांनी स्वदेशी कापडाचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात सभेचे प्रतिनिधी म्हणून ते हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले. राजेरजवाड्यांच्या त्या झगमगाटात जाडेभरडे कापड त्यांनी मानाने मिरवले. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते.

पण एकट्या व्रताने कापड पुरणार नव्हते, हे दक्षिणेतल्या संस्थानिकांनी आणि उद्योजकांनी ओळखले. इचलकरंजीत नारायणराव घोरपड्यांच्या पाठबळाने विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. सांगलीत दादासाहेब वेलणकरांची गजानन मिल उभी राहिली. आणि सांगलीच्या उत्तरेला, मिरज धाकट्या पातीची राजधानी असलेल्या बुधगावच्या शेजारी, माधवनगर वसले. १८९९ पासून त्या गादीवर असलेले माधवराव हरिहर ऊर्फ बाबासाहेब पटवर्धन, त्यांच्या नावाची ही पेठ. व्यापार, कॉटन मिल आणि यंत्रमाग यांवर गाव वाढले. सांगली, माधवनगर, विटा, इचलकरंजी या पट्ट्यात मागाच्या खडखडाटावर पिढ्या जगल्या.

आणि इथे शब्दांचा दुसरा प्रवास सुरू होतो, उलट्या दिशेचा. मँचेस्टरहून यंत्रे आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही आले. लूम, बीम, कोन, बॉबिन, सायझिंग, वार्पिंग, डॉबी, जॅकार्ड. जॅकार्ड तर फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डचे आडनाव, त्याने १८०४ मध्ये भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी चालवणारा माग केला म्हणून पडलेले. सुताचा ‘काउंट’ म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. पौंड आणि वार आपल्या व्यवहारातून जाऊन साठ वर्षे झाली, पण सूत अजूनही त्याच हिशेबाने चाळीसचे आणि साठचे म्हणून विकले जाते. अहमदाबादेत तर मिलचेच नाव कॅलिको ठेवले गेले. कालिकतचे नाव इंग्रजी होऊन परत आले आणि आपण ते विलायती समजून कौतुकाने दुकानात मागितले.

या आलेल्या शब्दांनी इथे नवे अर्थ घेतले, हे कोणी नोंदवलेले मला दिसत नाही. ‘जॉबर’ घ्या. इंग्रजीत तो उक्ते काम घेणारा किंवा दलाल. मुंबईच्या गिरण्यांत तो कामगार भरती करणारा, हजेरी घेणारा, खोली मिळवून देणारा, व्याजाने पैसे देणारा बडा माणूस झाला. आमच्या या पट्ट्यातल्या यंत्रमागाच्या गाळ्यात जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. एकाच शब्दाची मुंबईत सत्ता झाली आणि इथे कसब झाले. इंग्रजी शब्दांच्या शेजारी जुनी मराठी नावेही टिकून आहेत. ताण्याचे धागे वही म्हणजे मागावरच्या चौकटीतून आणि फणीतून ओवून देणारा तो वहिफणी कामगार. बाण्याचे सूत कांडीवर भरतो तो कांडीवाला, कापडाच्या घड्या घालतो तो घडीवाला, गाळ्याचा हिशेब आणि देखरेख पाहतो तो दिवाणजी. धोट्याला शटल म्हणणारे आणि शटलला धोटा म्हणणारे एकाच गाळ्यात शेजारी उभे असतात.

हे शब्द आता झपाट्याने चालले आहेत. मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. धोट्याशिवाय चालणारे माग आले, तेव्हा धोट्याबरोबर कांडी गेली, कांडीबरोबर कांडीवाला गेला. वहीत धागे ओवण्याचे काम करणारी मुले मिळत नाहीत. साध्या मागावर आयुष्य काढलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. मागाच्या आवाजाने त्यांचे कान गेले आहेत, पण मागाचा एकेक भाग, एकेक बिघाड, कापडातला एकेक दोष त्यांना नावानिशी ठाऊक आहे. यंत्रमागाची यांतली कित्येक नावे ना मोल्सवर्थमध्ये असतील, ना दाते-कर्व्यांच्या शब्दकोशात, कारण त्या कोशांच्या काळी हा धंदा एक तर नव्हता किंवा नुकता रुजत होता.

मोल्सवर्थने ती नोंद टिपून ठेवली नसती, तर डोंगरीचे गाव जगाला कळले नसते. तसे टिपून ठेवणारे आज हवे आहेत. सांगली, माधवनगर, विटा, इचलकरंजी या भागातल्या महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत, विद्यार्थी आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारा फोन आहे. अनेकांचे आजोबाच जॉबर किंवा वहिफणी कामगार होते. वाचकांतले जे कोणी या भागातले असतील त्यांना माझी विनंती आहे: घरातल्या जुन्या कामगारापाशी बसा, मागाच्या प्रत्येक भागाचे नाव विचारा, ते कोणत्या अर्थाने वापरत ते त्यांच्याच तोंडून टिपून घ्या, आणि गावाच्या वाचनालयात त्याची एक प्रत ठेवा. हे काम पुढच्या दहा वर्षांत झाले नाही, तर नंतर विचारायला कोणी उरणार नाही.